भाळवड्याचे अब्दागिरे

एसटीत चढण्याआधी तात्या आभाळाकडे बघत. मग गाडीचं तोंड कुठं आहे ते बघत. मग उन्हाच्या बाजूची खिडकी धरत. शेजारच्याला सावली मिळायची.

रस्त्यात कुणाशी बोलायला थांबले, की बोलता बोलता इंचाइंचाने सरकत. बोलणं संपेपर्यंत त्यांची सावली समोरच्याच्या तोंडावर नीट पडलेली असे. समोरच्याला कळतही नसे.

कुणाच्याही अंगणातली बाज ते न विचारता सावलीत ओढत. बाजेवर माणूस झोपलेला असला, तर माणसासकट.

किती वाजले असं विचारलं, तर ते मनगटाकडे बघत नसत. पायाकडे बघत.

छत्री त्यांनी कधी घेतली नाही. छत्रीला ते ‘स्वतःपुरती’ म्हणत.

त्यांचे डोळे कायम बारीक केलेले. त्यामुळे ते हसत आहेत की नाहीत, हे त्यांच्या मिशीकडे बघून ठरवावं लागे. बहुतेक वेळा हसतच असत.

नाव नाथाजी अब्दागिरे. तासगावच्या वरच्या अंगाला भाळवडे नावाचं एक चिमुकलं संस्थान होतं. त्या संस्थानाचे ते वंशपरंपरेने अब्दागिरे. गावाचे तात्या.

अब्दागिरी छत्रासारखी गोल नसते. ती पिंपळपानाच्या आकाराची, मखमलीची, लांब दांड्यावर उभी बसवलेली असते. मिरवणुकीत सूर्य ज्या बाजूला असेल त्या बाजूने ती सरकारांवर धरायची. भाळवड्याची अब्दागिरी किरमिजी होती. मधोमध जरीचा सूर्य. खऱ्या सूर्याने त्या जरीच्या सूर्याची पार रया घालवली होती, पण तात्या म्हणत, भावाभावांत एवढं चालायचंच.

हा मान घराण्यात कसा आला, ते तात्या सांगत तेव्हा ऐकणाऱ्याने चहा आधीच घेतलेला बरा. कारण मधे उठता येत नसे. त्यांच्या खापरपणजोबांची मेंढरं होती. एकदा त्या वेळचे सरकार शिकारीहून परतताना एका बाभळीखाली आडवे झाले. बरोबरची माणसं मागे राहिली होती. सरकारांना गाढ झोप लागली. सावली सरकली. बाभळीची सावली ती केवढी! ऊन सरकारांच्या तोंडावर आलं. खापरपणजोबांनी खांद्यावरची घोंगडी दोन्ही हातांनी ताणून धरली आणि उभे राहिले. उन्हं कलेपर्यंत उभे राहिले. सरकार जागे झाले. म्हणाले, “ऊन कुठं गेलं?”

“माझ्या पाठीवर हाय जी.”

इथे तात्या थांबत. मिशीवरून हात फिरवत.

आतून मनुबाईंचा, म्हणजे तात्यांच्या बायकोचा, आवाज येई. “झोपला हुता त्योच! घोंगडी बाभळीला अडकली हुती. राजा उठल्यावर मंग ह्यो उठला.”

“तू हुतीस का तितं?”

“तुमी तरी हुता का?”

असा हा इतिहास. दोन्ही बाजूंना पुरावा सारखाच.

मानाबरोबर जमिनीचा एक तुकडा आला आणि नियम आले. जमीन पुढे वाटण्यांत विरघळली. नियम राहिले. पहिला नियम असा, की अब्दागिऱ्याने सूर्याकडे बघायचं, सरकारांकडे नाही. सरकारांकडे सगळं गाव बघतंच. सूर्याकडे बघणारा एकच. दुसरा नियम, अब्दागिरीची सावली सरकारांवर पडली पाहिजे, पण धरणाऱ्याच्या अंगाची पडता कामा नये. म्हणून एक पाऊल मागे आणि तिरकं चालायचं. बाकी जगावर अंगाची सावली पडलेली चालत होती. तात्यांनी ती सढळ हाताने पाडली.

तिसरा नियम एका गोंधळातून जन्मला होता. फार पूर्वी जत्रेच्या मिरवणुकीत इतकी धूळ उडाली, की राजवाड्याच्या दारात ओवाळायला उभ्या असलेल्या बायकांनी सरकारांऐवजी दिवाणजींनाच ओवाळलं. पुन्हा असं होऊ नये म्हणून ठरलं, की ओवाळणाऱ्या बायकांनी तोंड बघायचंच नाही. नजर खाली ठेवायची. जमिनीवर पिंपळपानाची सावली आली, की ताट उचलायचं. ज्याच्यावर सावली, त्याला पहिली आरती, त्याला पहिला विडा. त्यानंतर चूक कधी झाली नाही. पिढ्यान्‌पिढ्या नाही.

आणि शेवटचा नियम तात्यांच्या वडिलांनी जाता जाता कानात सांगितला होता. “खंड पडू दिऊ नगंस.” वर्षातून एकदा तरी राजघराण्याच्या कार्यात अब्दागिरी उघडली पाहिजे. एक वर्ष चुकलं, की मान संपला.

संस्थान विलीन झालं तेव्हा तात्या ऐन उमेदीत होते. झेंडा उतरला, कचेरी गेली, पण दसऱ्याची मिरवणूक राहिली. लालासाहेब सरकार दरवर्षी सोनं लुटायला निघत आणि तात्या तिरके चालत. मग एकाहत्तर साली तनखे बंद झाले. सरकारांनी घोडा विकला, राजवाड्याला कुलूप लावलं आणि साताऱ्याला एका बंगल्यात राहायला गेले. जाताना त्यांनी कसलीही कुरकुर केली नाही. साताऱ्यात ते कोंबड्या पाळू लागले आणि त्यांत रमलेही.

तात्या तासगावच्या जिनदत्त शेठच्या बेदाण्याच्या शेडवर लागले. द्राक्षं उन्हात टाकली तर बेदाणा काळा पडतो. त्याला सावली लागते आणि वारा लागतो. शेडच्या चारी बाजूंना गोणपाटाचे पडदे होते. ऊन फिरेल तसे ते सोडायचे आणि गुंडाळायचे. तात्यांना हे काम मिळालं तेव्हा ते घरी येऊन म्हणाले, “मने, सरकार बदललं. आता द्राक्षांवर धरायची.”

“द्राक्षं मुजरा घेत्यात का?” मनुबाई म्हणाल्या.

“न्हाई. पर गोड हायत.”

शेठचा मुलगा मदन नुकताच बी.ए. झाला होता. मराठी घेऊन. नोकरी लागेपर्यंत तो शेडवर बसे. दोघांची दोस्ती जमली. तात्या साठीचे, मदन बाविशीचा. तात्या त्याला ‘गड्या’ म्हणत.

पण दसरा जवळ आला, की तात्यांचं चित्त उडे. बहात्तर साली दुष्काळ होता. सरकारांनी कळवलं, मिरवणूक नाही. तात्यांनी अब्दागिरी पाठीला बांधली, एसटी धरली आणि दसऱ्याच्या सकाळी साताऱ्याच्या बंगल्यासमोर उभे राहिले. सरकार पेपर आणायला पायजम्यावर फाटकापर्यंत आले. तात्यांनी अब्दागिरी उघडली आणि तिरके चालत त्यांना फाटकापासून ओट्यापर्यंत आणलं. झाली मिरवणूक. खंड पडला नाही.

त्र्याहत्तरला पुन्हा तेच. या वेळी शेजारच्या बंगल्याच्या कुंपणावर एक गृहस्थ कोपर टेकून बघत होते. निवृत्त सुभेदार सयाजीराव. छाती अजून परेडीवर असल्यासारखी.

“काय वो,” ते ओरडले, “सरकार काय वितळत्यात का?”

“वितळू नये म्हणूनच हाय जी!” तात्या सूर्यावरची नजर न काढता म्हणाले.

सुभेदार खो खो हसले. सरकार मात्र ओशाळले. ओट्यावर पोचल्यावर हळू आवाजात म्हणाले, “नाथाजी, तुमची निष्ठा कळते. पण हे बरं दिसत नाही. पुढच्या दसऱ्याला येऊ नका.”

तात्या त्या दिवशी जेवले नाहीत. येताना एसटीत ते चुकून सावलीच्या बाजूला बसले. त्यांच्या आयुष्यात असं एवढंच एकदा झालं.

“येऊ नगा म्हंजे खंडच की,” ते मनुबाईंना म्हणाले. “आणि माझ्यामागं तर कोनच न्हाई.”

मुलगा नव्हता. एकच मुलगी, साळूबाई. ती शिरवळला दिली होती. जावई तिथल्या कारखान्यात.

“तुमच्यामागं सूर्य हाय की,” मनुबाई म्हणाल्या. “त्यो उगवतोच. भाकरी खावा.”

आणि मग चौऱ्याहत्तरच्या चैत्रात बातमी आली. सरकारांच्या मुलीचं, ताईसाहेबांचं, लग्न ठरलं. मुलगा इंजिनिअर. सुभेदार सयाजीरावांचाच. कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी कुणाच्या लक्षात न येता जमलेलं. लग्न वैशाखात, सांगलीला, कारण ताईसाहेबांचं आजोळ तिथलं.

वैशाख! राजघराण्यातलं कार्य आणि डोक्यावर ऊन. तात्या त्याच दिवशी साताऱ्याला गेले. भाळवड्याच्या रिवाजाप्रमाणे मांडवात येणाऱ्या जावयावर अब्दागिरी धरायची असते, हे त्यांनी सरकारांना सांगितलं. सरकार म्हणाले, “माझी हरकत नाही. पण व्याही ऐकतील तर बघा.”

तात्या कुंपण ओलांडून सुभेदारांकडे गेले.

“लग्न साधं हुनार,” सुभेदार म्हणाले. “घोडा न्हाई. फटाके न्हाई. पोरगा गणपतीचं दर्शन घेऊन चालत मांडवात जानार.”

“चालू द्या की जी. मी बी चालतोच.”

“ऊन लागाया त्यो काय लोणी हाय?”

“लोणी न्हाई. जावई हाय.”

सुभेदारांनी त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं. “बरं,” ते म्हणाले. “पर पलटनीत बंदूक धरत्यात तशी धरायची. एक चूक झाली, तर त्या काठीसकट घरी. परत कवा मानाचं नाव काढायचं न्हाई. कबूल?”

“कबूल.”

तात्या परत आले ते पोरासारखे. अब्दागिरीची मखमल त्यांनी ब्रशने झाडली. झालरीचे सुटलेले धागे मनुबाईंनी टाचले. जरीच्या सूर्यावर तात्यांनी चिंच चोळली. मनुबाई म्हणाल्या, “ल्हानपनी तुमचं तोंड असं कुनी घासलं असतं तर उजळला असता.”

लग्नाला मदनही निघाला. तासगावच्या स्टँडवर कंडक्टरने अब्दागिरी अडवली.

“ही काय भानगड?”

“अब्दागिरी.”

“लगेज होईल.”

“लगेज न्हाई. मानकरी हाय.”

“मानकऱ्याला फुल तिकीट पडतं.”

कंडक्टरने चेष्टा केली होती. तात्यांना ती चेष्टा वाटली नाही. त्यांनी आनंदाने फुल तिकीट काढलं. अब्दागिरी खिडकीशी बसली, तात्या तिच्या शेजारी, दांडा मधल्या वाटेत. दर थांब्याला उतरणारे त्या दांड्यावरून टांग टाकत उतरले. कुणी काही बोललं नाही. पूर्ण तिकीट काढलेल्या प्रवाशाला काय बोलणार? सांगली येईपर्यंत मागच्या रांगेतलं एक तान्हं त्या पिंपळपानाच्या सावलीत झोपलं होतं. तात्या दर वळणाला अब्दागिरी जरा जरा फिरवत होते.

मदनने विचारलं, “तात्या, भीती वाटते का?”

“कशाची रं?”

“चूक होईल म्हणून.”

“आमच्या घराण्यात चूक झाल्याली न्हाई,” तात्या म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, “लय वाटती गड्या.”

सकाळची वेळ. गणपतीचं दर्शन झालं. नवरदेव चालू लागला. पुढे बँड, मागे वऱ्हाड. तात्या पांढऱ्या अंगरख्यात, लाल पागोट्यात, एक पाऊल मागे आणि तिरके. ऊन पाठीमागून येत होतं. पिंपळपानाची सावली नवरदेवाच्या फेट्यावर अशी बसली होती, जणू शिवली होती. सुभेदार बाजूने चालत होते. त्यांनी दोनदा वाकून बघितलं. मान हलवली. तात्यांना ते दिसलं नाही. तात्या सूर्याकडे बघत होते.

मंडईच्या कोपऱ्यावर रस्ता वळला. पाठीवरचं ऊन उजव्या हाताला आलं. आता तात्यांनी मागून उजवीकडे यायचं होतं. त्यांनी नजर सूर्यावर ठेवली, दांडा उचलला, फिरले, सावली पुन्हा बसवली. त्यांच्या वडिलांनी बसवली असती, तशीच.

पण त्याच वेळी बँडवाल्यांनी चाल बदलली. इंजिनिअरच्या मित्रांना चेव आला. त्यांनी नवरदेवाला खांद्यावर घेतलं आणि नाचत नाचत पार पुढे नेलं. गर्दी उसळली. आणि मंडईतून निघालेली रंगुबाई नावाची एक भाजीवाली, डोक्यावर मेथीची पाटी घेऊन, रस्ता ओलांडायला म्हणून मधे शिरली ती मधेच अडकली. मागे वऱ्हाड, पुढे बँड. तिला बाजूला होता येईना. मग अचानक तिच्या डोक्यावर गार सावली आली. तिने वर बघितलं. किरमिजी मखमल, सोनेरी सूर्य. तिला बरं वाटलं. ती चालू लागली.

मदनने हे कडेने बघितलं. तो गर्दीत घुसला, पण त्याला पोचता येईना.

“तात्या!” तो ओरडला. “खाली बघा!”

“खाली बघायचं नसतं रं!” तात्या तितक्याच मोठ्याने ओरडले. नजर सूर्यावर.

मांडवाच्या दारात ताट घेऊन धोंडुबाई उभी होती. भाळवड्याच्या राजवाड्यात तिची हयात गेली होती. पदर कपाळापर्यंत ओढलेला, नजर जमिनीवर. आधी पोरांच्या खांद्यावरून नवरदेव आला आणि तिच्यासमोर उतरला. धोंडुबाईला त्याचे नुसते बूट दिसले. सावली दिसली नाही.

“बाजूला व्हा रं पोरांनू,” ती म्हणाली. “जावईबापू येत्यात.”

नवरदेव गुणी होता. बाजूला झाला.

मग सावली आली. पिंपळपानाची, अगदी रेखीव, दाराच्या बरोबर मधोमध. धोंडुबाईने ताट उचललं. ओवाळलं. तांदूळ टाकले. कुंकू लावायला म्हणून मान वर केली. आणि थबकली.

“जावईबापू,” ती म्हणाली, “मेथी कशापायी आनली?”

बँड थांबला. सगळं थांबलं. तात्यांनी आयुष्यात प्रथमच मिरवणुकीत खाली बघितलं.

अब्दागिरीखाली रंगुबाई उभी होती. कपाळावर नुकतंच लावलेलं कुंकू, डोक्यावर पाटी, पाटीत तांदूळ.

तात्यांच्या हातातला दांडा मात्र हलला नाही. नियम असा, की दारात पडलेली सावली काढायची नाही. ते तसेच उभे राहिले. सुभेदारांकडे बघायची त्यांची हिंमत झाली नाही. साऱ्या पिढ्यांचा मान त्या दोन हातांत होता, आणि तो आता गेला, हे त्यांना कळलं होतं.

रंगुबाईच तोंड उघडून बोलली. “आवं, मला कशापायी ववाळलंत? माझं लगीन झालंय.”

सुभेदारांच्या छातीतून एक आवाज निघाला. आधी वाटलं खोकला. मग ते वाकले, गुडघ्यांवर हात ठेवले आणि हसू लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. “लगीन झालंय म्हनती!” त्यांना पुढचं बोलवेना. मग सगळा मांडव हसला. नवरदेव हसला. खिडकीतून ताईसाहेब मुंडावळ्या वर करून बघत होत्या, त्या हसल्या.

लालासाहेब सरकार हसले नाहीत. ते दारात आले. रंगुबाईपुढे उभे राहिले. हातातलं पानाचं तबक पुढे केलं.

“ज्याच्यावर सावली, त्याला पहिला विडा,” ते म्हणाले. “घ्या बाई.”

“आन माझी मेथी? ती सुकंल.”

“तीही सावलीतच आहे,” सरकार म्हणाले. आणि मग हसले.

मेथीची पाटी सुभेदारांनी स्वतः उतरवली आणि स्वयंपाकघरात पाठवली. रंगुबाई पहिल्या रांगेतल्या खुर्चीत बसली. अक्षता टाकल्या. पहिल्या पंगतीला जेवली. त्या पंगतीत तिचीच मेथी होती. जाताना वाढणाऱ्याला म्हणाली, “मीठ जरा कमी पडलं बगा.” त्यानंतर सांगलीच्या मंडईत तिला लोक ‘जावईबापू’ म्हणू लागले. तिने ते नाव मोठ्या तोऱ्यात मिरवलं. भाव करणाऱ्यांना ती म्हणे, “राजाच्या हातचा विडा खाल्लाय. चार आने कमी न्हाई व्हायचं.”

दुपारी पंगती उठल्यावर तात्या सरकारांपुढे गेले. अब्दागिरी त्यांनी कापडात गुंडाळली होती. ती सरकारांच्या पायाशी ठेवली. पागोटं वर ठेवलं.

“कबूल केल्यापरमानं,” ते सुभेदारांना म्हणाले. “चूक झाली.”

सुभेदारांनी सरकारांकडे बघितलं.

“नाथाजी,” सरकार म्हणाले, “नजर कुठं होती?”

“सूर्यावर जी.”

“अंगाची सावली पडली?”

“न्हाई जी.”

“दारात पोचेपर्यंत काढली?”

“न्हाई.”

“मग तुमची चूक कुठली? जावयाला पोरांनी पळवलं, त्याला तुम्ही काय करणार?”

सरकारांनी पागोटं उचलून त्यांच्या हातात दिलं.

“माझ्या घरात आता मिरवणूक निघायची नाही,” ते म्हणाले. “एकच मुलगी होती. दसऱ्याला पेपर आणतो, तीच काय ती. ही तुम्ही घरी न्या. कायमची.”

“न्हेतो जी. पर धरू कुनावर?”

सरकारांनी थोडा विचार केला. “आज धरली तशी,” ते म्हणाले.

“आन खंड?”

“तुम्ही धरत राहिलात तर कसला खंड?”

“ऐकलंत न्हवं?” सुभेदार म्हणाले. “हुकूम झाला. आता उचला ती तोफ. आन माझ्या नातवाच्या बारशाला या. बारसं उन्हातच ठेवतो.”

तात्या घरी आले तेव्हा मनुबाई दारात होत्या. सगळं ऐकून त्या कितीतरी वेळ हसत होत्या. मग म्हणाल्या, “येवड्या पिढ्यांनी एक तरी बाई सावलीत आली म्हनायची.”

त्या वर्षापासून भाळवड्याच्या पंचक्रोशीत लग्न असलं, की आधी तात्यांना सांगावा जाई. कुणाचंही लग्न. मराठ्यांचं, जैनांचं, माळ्यांचं, वेशीबाहेरच्या वस्तीतलं. तात्या नारळ घेत, दुसरं काही घेत नसत. नवरा घोड्यावर असो, बैलगाडीत असो, ट्रॅक्टरवर असो, बाजूने तात्या तिरके चालत असत. मदनची बहीण चंदनबाला हिच्या लग्नात त्यांनी नवरीवरही धरली. नवरदेवाच्या आत्याबाई रागावल्या, तर म्हणाले, “आत्याबाई, ऊन दोघांनाबी लागतंय. तुमी या मधी, तुमच्यावर बी धरतो.” आत्याबाई आल्या. मग हलल्याच नाहीत.

दारातल्या बायकांनाही नियम कळला. त्या सावलीकडे बघत आणि मग मान वर करूनही बघत. मेथी आहे का, एवढं पाहून घेत.

सुभेदारांना नातू झाला. बारसं खरोखरच अंगणात ठेवलं. तात्यांनी पाळण्यावर अब्दागिरी धरली. दोन्ही आजोबा कुंपणाजवळ उन्हात उभे होते.

लग्नसराईत तात्या शेडवर आठवडा आठवडा फिरकत नसत. जिनदत्त शेठ म्हणत, “नाथाजी, द्राक्षं विचारत होती.” तात्या म्हणत, “त्यांना सांगा, सरकारी कामात हाय.”

पण हात थकत होते. शिसवीचा दांडा जड. सत्त्याहत्तरच्या एका लग्नात तो वळणावर किंचित हलला. दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नाही. तात्यांच्या आलं. घरी आल्यावर त्यांनी दांडा कोपऱ्यात टेकवला. मग मनुबाईंना म्हणाले, “औंदाच्या दिवाळीला साळूला बोलाव. चार दिस जास्तीची ऱ्हाऊ दे.”

साळूबाई आली. पोरं घेऊन आली. भाऊबीजेच्या सकाळी तात्यांनी तिच्या हातात केरसुणी दिली आणि अंगणात उभं केलं.

“वर धर.”

“काय हो तात्या हे?”

“धर की गं. आनखी वर. कोपर वाकवू नगंस.”

तीन पोरांची आई अंगणात केरसुणी उंच धरून उभी राहिली. मनुबाई पोटात हसू दाबून बघत होत्या. तात्या तिच्याभोवती फिरले. सुतळीने तिच्या हाताची उंची घेतली. खांद्याची घेतली. मुठीची जाडी घेतली.

“झबलं शिवताय का माज्यासाठी?” साळूबाईने विचारलं.

“उंची वाडली का बगतो,” तात्या म्हणाले. “आता सांग. ऊन कुटनं येतंय?”

तिने वर बघितलं. डोळे बारीक झाले. अगदी त्यांच्यासारखे. केरसुणी आपोआप जरा डावीकडे झुकली आणि तिच्या धाकट्याच्या तोंडावर सावली पडली.

तात्यांनी सुतळीला गाठी मारल्या आणि खिशात ठेवली.

माघात ते गेले. आजारी नव्हते. सकाळी चहा घेतला, पायाकडे बघून मनुबाईंना वेळ सांगितली, शेडवर आले, पूर्वेकडचे पडदे सोडले आणि पडद्याला टेकून बसले. मदनला वाटलं, डोळे बारीक करून हसत आहेत. त्याने दोन वाक्यं बोलून घेतली. मग त्याच्या लक्षात आलं.

त्यांना नेताना अब्दागिरी कुणी धरायची, हा प्रश्न पडला नाही. साळूबाईने तो जड दांडा उचलला. तिला तो पेलत नव्हता. मदन पुढे झाला, तर ती म्हणाली, “थांब. पेलंल.” वळणावर ती उजवीकडे आली. तिची नजर वर होती. वाट सरेपर्यंत वरच होती.

शेडच्या मागच्या बाजूला, जिथे दिवसभर ऊन येत नाही तिथे, मदनला नंतर एक बांबू सापडला. हलका, सरळ, नवा. शेजारी रंधा होता, काचेचे तुकडे होते आणि गाठी मारलेली सुतळी. सुतळीच्या शेवटच्या गाठीपाशी बांबू कापला होता. वरच्या टोकाची खाच कोरून तयार होती, पिंपळपान बसेल अशी. वरची पेरं काचेने घासून तुळतुळीत केली होती. मूठ जिथे यायची तिथल्या दोन पेरांवर मात्र कुसळं तशीच होती. तिथवर ते आले नव्हते.